मिरगापर्यंतची मुदत

भात पिकलं की मला राग येतो. असं सांगितलं की लोक हसतात. पिवळंधमक शेत, लोंब्यांनी वाकलेलं झिनी भात, खळ्यावर सारवणाचा वास, आणि ही बाई म्हणते मला राग येतो! पण येतो त्याला मी काय करू? एसटी किन्हवलीच्या जवळ आली, कापलेल्या भाताचा तो ओलसर गोड वास खिडकीतून आत शिरला, की डोक्यात तिडीक जाते. मागच्या कापणीपासून हे असं झालंय. त्याआधी मी बरी होते.

तशी मी इथलीच. माहेर किन्हवलीजवळ, राहायला आटगावला, नोकरी शहापूरच्या वाचनालयात. लहानपणी कापणीच्या दिवसांत आमच्या घरात कोणी कोणाला ओरडत नसे. ओरडायला दम कुठे उरायचा? सकाळी दव सुकायच्या आत विळे घेऊन शेतात, दुपारी बांधावर सुक्या बोंबलाची चटणी आणि भाकर, संध्याकाळी भारे डोक्यावर. मानेत भाताचं कुसळ शिरलं की रात्रभर टोचायचं. आज आमच्या शेतात तुम्ही, उद्या तुमच्या शेतात आम्ही. कोणी किती भारे उचलले हे कोणी विचारत नसे आणि तरी कोणाचं शेत उभं राहत नसे. वाडीतली माणसंही असायची. ओढ्यापलीकडच्या वाडीतली, ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही, ती. आमचं भात घरात आलं की त्यांचं इथलं काम संपायचं. मग दिवाळीनंतर एक दिवस ट्रक यायचा आणि भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं सगळी त्यात बसून वीटभट्टीवर निघून जायची. ती परत यायची मिरगाला, पाऊस तोंडावर आला की. मला तेव्हा वाटायचं, सगळ्या गावांना असाच अर्धा भाग असतो, जो जातो आणि येतो.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर भात भात करत बसेन.

आमच्या संस्थेची वाचनालयं तीन. शहापूरचं मोठं, मुरबाडचं त्याहून बेताचं आणि किन्हवलीचं एका खोलीचं, तेही माझ्याकडेच. पुस्तकं कोणी नेली, कोणी परत केली, कुठली धूळ खात पडली, हे सगळं आता कॉम्प्युटर सांगतो. त्याचे रिपोर्ट निघतात आणि ते तिन्ही ठिकाणांसाठी एकाच सामायिक फोल्डरात जाऊन पडतात. सामायिक! हा शब्द ज्यानं ठेवला त्यानं सामायिक बांध कधी पाहिलेला नसणार. सामायिक बांधाचं आमच्याकडे काय होतं? दोन्हीकडचे नांगरताना थोडा थोडा खातात आणि तण काढायची वेळ आली की दोघंही म्हणतात, तो तुमचा.

तसंच ते फोल्डर. उघडलं की कपाळावर हात मारावा. 'रिपोर्ट', 'रिपोर्ट नवा', 'रिपोर्ट नवा खरा', 'साहेबांसाठी', 'साहेबांना दाखवू नये', 'प्रकाश, हात लावू नकोस'. कोणी काही पुसायचं नाही. का? तर असू दे, लागेल! घराच्या माळ्यावर फाटकं इरलं, काच फुटलेला कंदील आणि पाय तुटलेला पाळणा जपून ठेवणारी माणसं आम्ही, कॉम्प्युटर मिळाला म्हणून काय वेगळी वागणार? एकच रिपोर्ट तीन जणांनी तीन नावांनी काढून ठेवलेला आणि तिघांचे आकडे वेगळे. आणि ज्याला फोल्डर उघडता येतं त्याला त्यातलं काहीही कुठेही हलवता येतं. म्हणजे कोणीही यावं आणि दुसऱ्याची गुरं सोडून द्यावीत.

त्या पसाऱ्यात एक फोल्डर मात्र माझ्या जिवाचं होतं. नाव होतं 'मिरगापर्यंत'.

त्याचं असं आहे. कल्याणला आमचं मुख्य कार्यालय. त्यांचा नियम, पुस्तक महिन्याच्या वर बाहेर राहिलं किंवा तेवढी मुदत नुसती दिली तरी त्या वाचनालयाच्या नावापुढे लाल खूण. आणि मार्च संपताना ज्यांच्या नावावर लाल, त्यांची कार्डं बंद. आता भट्टीवर गेलेलं माणूस महिन्याभरात पुस्तक परत द्यायला कसं येणार? उडत? म्हणून वाडीतल्या लोकांना मुदतच मिरगापर्यंतची द्यायची, ही किन्हवलीची रीत. कॉम्प्युटर येण्याच्या आधीपासूनची. ट्रक यायच्या आदल्या दिवशी वाडीतून कोणीतरी एक धुतलेली खताची गोणी घेऊन यायचं, सगळ्या वाडीची पुस्तकं चार-पाच कार्डांवर न्यायचं. भट्टीवर ती झोपडी झोपडी फिरायची. मिरगाला गोणी परत. पानांवर विटांची तांबडी धूळ, क्वचित हळदीचं बोट, पण पुस्तक हरवलंय असं माझ्या आठवणीत नाही. अशा देवघेवीचा मी वेगळा रिपोर्ट काढून त्या फोल्डरात ठेवायची आणि कार्यालयातली माणसं कार्डं बंद करायच्या आधी तो बघून ती नावं वगळायची. साधी गोष्ट. फोल्डर जागेवर असेपर्यंत साधी.

ते जागेवरून हललं प्रकाशमुळे. प्रकाश मुरबाडचा ग्रंथपाल. माणूस वाईट नाही, पण नीटनेटकेपणाचं त्याला वेडच. टेबलावरची पेनंही उंचीप्रमाणे लावतो. कार्यालयाकडून फर्मान आलं, फोल्डर आवरा, आणि ह्याला जणू लग्नाचं आवतण आलं. सगळे रिपोर्ट त्यानं वर्षावर लावले. एप्रिल ते मार्च, एप्रिल ते मार्च. चालू वर्षाचं एक फोल्डर, बाकी सगळं 'जुनं'. आमचं 'मिरगापर्यंत' सुरू होतं दिवाळीला आणि संपतं जूनमध्ये. ते ना ह्या वर्षात बसे ना त्या वर्षात. प्रकाशनं ते उचललं आणि टाकलं 'जुनं'मध्ये. विचारलं नाही, सांगितलं नाही. मार्च संपला, कार्यालयातल्या कोणीतरी फक्त चालू वर्ष उघडून पाहिलं, वगळायला नावंच नाहीत, दाबलं बटण. वाडीची सगळी कार्डं बंद.

आणि कोणाला पत्ता नाही! वाडी भट्टीवर. मिरगाला गोणी परत आली, पुस्तकं जमा झाली, कॉम्प्युटरनं ती गपगुमान घेतली. परत घेताना तो कुठे तक्रार करतो? मग पाऊस. पावसात ओढा भरला की वाडी तिकडे आणि किन्हवली इकडे, त्यात लावणी, मग तणाची बेणणी. पुस्तक मागायला वाडीतून कोणी आलं ते थेट कापणी सरल्यावर. कविता आली.

कविता ही वाडीतली पोरगी, विशीतली. आश्रमशाळेत दहावी झाली, पुढे घरच्यांबरोबर भट्टीवर जाऊ लागली आणि शाळा तिथेच राहिली. पण जिद्द मोठी. त्या वर्षी तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला होता, बाहेरून बारावीला बसायचा. पुस्तकं विकत घेणं तिला जमण्यासारखं नव्हतंच. मी शहापूरहून तिच्यासाठी बारावीचा पूर्ण संच किन्हवलीला पाठवून ठेवला होता, वर तिचं नाव लिहून. भाताचे भारे वाहता वाहता मला म्हणाली होती, "ताय, विटा थापताना हात भरलेले असतात, डोकं तर रिकामाच ना? सकाळी वाचीन, दिवसभर मनात घोळवीन."

हे वाक्य माझ्या कानात अजून आहे. आणि त्याच दिवसांत मी कुठे होते? मुरबाडला! फोल्डर आवरायला! कार्यवाह साहेब पाहणीला येणार म्हणून आम्हाला आठवडाभर तिथे बसवलेलं. बाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना खळ्यांवर झोडणी चाललेली, उन्हाची काहिली, खिडकीतून पेंढ्याची धूळ आत येतेय, आणि आम्ही दोन शिकलेली माणसं फोल्डरला निळा रंग द्यावा की हिरवा ह्यावर वाद घालतोय.

साहेब आले. भिंतीवर मोठ्या पडद्यावर तिन्ही वाचनालयं लागली. शहापूरला थोडी लाली, मुरबाडला थोडी, आणि किन्हवली हिरवीगार. दरवर्षी दिवाळीनंतर लालभडक होणारी किन्हवली! साहेब खूश. "वा! किन्हवलीनं सुधारणा केली. टाळ्या वाजवा बघू मॅडमसाठी." टाळ्या वाजल्या. प्रकाशनं सगळ्यात जोरात वाजवल्या. मी उभी राहिले, हसले पण असेन. आणि हसता हसताच मनात आलं, अगं बाई, हिरवी कशी? वाडी तर केव्हाच भट्टीवर गेली असेल. गोणी गेली असेल तर लाल दिसायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या जीपनं सरळगाववरून किन्हवली गाठली. खोली उघडून सुमन बसली होती. सुमन तिथली मदतनीस, पगार तुटपुंजा, नोकरी कायम नाही. मला पाहून तिचा चेहराच उतरला. कपाटावर बारावीचा संच तसाच, वर कविताचं नाव.

"आलीच नाही ती?" मी विचारलं.

"आली व्हती ना, ताई. गोणी घेऊन आली व्हती. कार्ड बंद दाखवला. मी कल्याणला फोन केला, ते बोलले अर्ज पाठवा, चार-आठ दिसांनी बघू. तिचा ट्रक तर सकाळीच निघायचा व्हता."

"मग तशीच द्यायची होतीस! मला फोन करायचास!"

"तुमी साहेबांच्या कामात, फोन करू नका बोललेले. नि कॉम्प्युटरवर चढवल्याबिगर पुस्तक दिलं तर काढून टाकू, असा कागद आलेला ताई. आमी काय करनार?" आणि ती रडायला लागली. "जाताना बोलली, नाय तर नाय, सुमनताय, तुमी रडू नका."

मी सुमनवर ओरडायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. तिच्यावर काय ओरडायचं? जिला एका कागदानं घरी बसवता येतं तिच्यावर ओरडणं सगळ्यात सोपं. सगळे तेच तर करतात.

संच पिशवीत भरला आणि वाडीवर गेले. ओढ्याला घोट्याएवढं पाणी होतं. कापलेल्या शेतांत वाल टोचून लावायचं काम चाललं होतं, बाया वाकून बोलत होत्या, कोणीतरी मला हाकही मारली. वाडीत चिटपाखरू नाही. दारं तारेनं बांधलेली, एका दाराला तार नव्हती तर बोरीची काटेरी फांदी लावलेली. एक म्हातारबाबा तेवढे मागे राहिलेले, दोरी वळत उन्हात बसले होते.

"बाबा, कविताचं घर कुठल्या भट्टीवर गेलं?"

"शेठ नेल तिकडं, बाय. आदल्या साली पडघ्याकडं व्हती. औंदा काय ठावं नाय."

"फोन असेल ना कोणाकडे?"

"हाय ना. पन रिचारज संपला का बंद." मग पिशवीकडे बघून म्हणाले, "पोरीची बुकां का? ती लय वाट बघत व्हती गो."

मी ती पिशवी घेऊन तशीच परत आले. पडघ्याच्या अलीकडे पलीकडे किती भट्ट्या, त्या रविवारी आणि पुढच्या रविवारी फिरले. प्रत्येक भट्टीवर तीच धूर सोडणारी रास, तीच प्लास्टिकची झोपडी, आणि कविता नावाच्या पोरीही भेटल्या. ती भेटली नाही. फेब्रुवारीत बारावी सुरू झाली. आटगाव स्टेशनावर पॅड आणि पाण्याची बाटली घेऊन उभी असलेली पोरं दिसली की मी तोंड फिरवायची.

प्रकाशशी मात्र मी भांडले. असं भांडले की मुरबाडच्या वाचनालयात पेपर वाचत बसलेले रिटायर्ड लोक पेपर खाली ठेवून ऐकत बसले.

"सिस्टीमला वर्ष एकच कळतं, ताई. एप्रिल ते मार्च."

"सिस्टीमला डोंबलाचं कळतं! तुला कळतं ना? तुझ्या घरची झिनी आहे ना मुरबाडला? कोण कापतं ती? कापून झाल्यावर ती माणसं कुठे जातात तुला माहीत नाही?"

"माहीत आहे."

"मग जुन्यात का टाकलंस? भट्टीवरची माणसं जुनी झाली होय रे?"

तो पेनं सरळ करत राहिला. मग हळूच म्हणाला, "साहेबांना लाल बघवत नाही, ताई. मला वाटलं, ते डोळ्यांआड केलं तर तुमच्या किन्हवलीला बोलणी बसणार नाहीत."

म्हणजे ह्यानं माझं भलं केलं! दुष्टपणानं केलं असतं तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. पण आमच्याकडे असंच चालतं. पाहुणे आले की पसारा पडद्यामागे. साहेब आले की खड्ड्यात मुरूम. सगळं चांगलं दिसलं पाहिजे. चांगलं असलं पाहिजे असं कोण म्हणतंय? आणि किन्हवली हिरवी झाली कशानं? पुस्तकं परत आली म्हणून नाही. कोणी नेलीच नाहीत म्हणून. वाचणारं माणूस दारातून परत पाठवलं की वाचनालयाचा कारभार एकदम चोख होतो. त्यासाठी मला टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचा आवाज आठवला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मग आम्ही दोघांनी ते फोल्डर पुन्हा लावलं. आमच्या वर्षावर. लावणीचं, कापणीचं, भट्टीचं. कोण कधी असतं आणि कोण कधी नसतं त्यावर. 'मिरगापर्यंत' सगळ्यांत वर आणलं, नावाआधी शून्य लावून, म्हणजे उघडल्या उघडल्या तेच दिसेल. ते हलवण्याची परवानगी आम्हा तिघांनाच, सुमनसकट. कल्याणच्या मुख्य कार्यालयाला मात्र कुलूप घालता येत नाही, ते मालक. फोल्डरातलं फाटकं इरलंही फेकलं. 'रिपोर्ट नवा खरा' पुसायच्या आधी प्रकाशनं माझ्याकडे पाहिलं, मी म्हटलं, पूस, मी आहे. कार्डं उघडून घ्यायला अर्ज केले, अर्जांवर अर्ज केले, आणि एकदा कल्याणला जाऊन टेबलासमोर बसून राहिले. उघडली.

मिरगाला कविता परत आली. काळवंडलेली, हाताच्या बोटांना भेगा. मला वाटलं होतं, ती रागावेल. रागावायला हवी होती. ती म्हणाली, "ताय, तुमी भट्टीवर शोधत आलतात ना? आमाला मागनं कललं." आणि हसली. मी तिच्यासमोर रडले नाही, पण घरी जाऊन कणीक मळताना मात्र फार रडले. हिचं वर्ष गेलं. आणि ते कुठल्याच रिपोर्टात आलं नाही, कुठे लाल नाही, कुठे हिरवं नाही. तिच्याऐवजी मी रागावले, अजून रागावलेली आहे, आणि हा राग मला कोणी शहाणपणा शिकवून कमी करू नये.

यंदा भात चांगलं आलंय. कापणी उरकत आली, खळ्यावर झोडणीचा धपधप आवाज चालू आहे, पेंढ्याच्या गंज्या लागल्यात. परवा कविता गोणी घेऊन आली. सतरा नंबरचा फॉर्म पुन्हा भरलाय. सुमननं कार्ड कॉम्प्युटरला दाखवलं आणि आम्ही तिघी पडद्याकडे बघत राहिलो. उघडलं. बारावीचा संच, लेकरांसाठी गोष्टींची पुस्तकं, वाडीतल्या एकीनं मागितलेलं शिवणकामाचं. गोणीचं तोंड सुतळीनं बांधताना कविता म्हणाली, "ताय, औंदा कार्ड बंद नाय ना होनार?"

"कोणाची छाती आहे बघू," मी म्हटलं. काल सकाळी ट्रक गेला.

आज सकाळी शहापूरला येऊन पर्स ठेवायच्या आधी फोल्डर उघडलं. आता सवयच झालीय. 'मिरगापर्यंत' वर नव्हतं. खालीही नव्हतं. 'जुनं'मध्ये सापडलं. परत जागेवर आणलं आणि कल्याणला फोन लावला. एका नवीन बाईंनी उचलला, आवाजावरून भली वाटली.

"हो मॅडम, मीच आवरलं काल. मागच्या वर्षीच्या तारखेचं दिसलं म्हणून जुन्यात ठेवलं. त्यात अजून काही सुरू आहे का?"

"आहे. माणसं आहेत त्यात. पुस्तकं घेऊन कालच गेलीत, मिरगाला येतील."

अगदी मनापासून त्यांनी विचारलं, "मिरग म्हणजे कुठला महिना, मॅडम?"

फोन आपटायला हात वर गेला होता. पण ही बाई आज नाहीतर उद्या पुन्हा आवरणार, आणि तोवर कविता कुठल्या तरी भट्टीवर पहाटे पुस्तक उघडून बसलेली असणार. मी खुर्ची ओढली, पर्स खाली ठेवली.

"तुम्हाला वेळ आहे ना?" मी म्हटलं. "मग भात पिकतं तिथपासून सांगते."